आउटवर्ड बाउंड

किशोर व तरुणांसाठीची निवासी साहस-शिक्षणपद्धती. डोंगर, समुद्र किंवा जंगलात छोट्या गटाने क्रमाने अवघड होत जाणारी कामे पार पाडायची आणि त्यातून आत्मविश्वास, सहकार्य व सेवावृत्ती वाढावी, असा तिचा हेतू. पहिली शाळा ऑक्टोबर १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे निघाली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान (१८८६–१९७४) आणि ब्लू फनेल जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट हे तिचे संस्थापक मानले जातात.

उगमाची रूढ कथा अशी : युद्धात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी जीवरक्षक नावांत लवकर दगावत, वयस्क तग धरत, म्हणून होल्ट यांनी तरुणांच्या कणखरपणासाठी शाळा काढली. ही कथा बहुतांशी सांगोवांगीच चालत आली आहे. हान यांचा धागा त्याहून जुना आहे. जर्मनी सोडल्यावर १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन शाळा काढली आणि १९३६ च्या सुमारास तिथल्या मोरे परिसरातील मुलांसाठी ‘मोरे बॅज’ योजना आखली. व्यायाम, मोहीम, हस्तकौशल्य आणि सेवा असे तिचे स्वरूप होते. युद्धात गॉर्डनस्टन वेल्समध्ये हलली. बॅज योजना टिकवायला हान यांना पैसा व जागा हवी होती, होल्ट यांना प्रशिक्षण हवे होते. दोन गरजा जुळल्या, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. मार्क फ्रीमन या इतिहासकाराच्या मते सुरुवातीचा भर ‘चारित्र्य घडवण्या’वर होता, ‘व्यक्तिविकास’ ही भाषा पुढे, १९६० च्या दशकापर्यंत रुळली.

अभ्यासक्रम पूर्वी सुमारे महिनाभराचा असे; आज तो अनेक ठिकाणी आठवड्यावर आला आहे. वॉल्श व गोलिन्स यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या प्रारूपात गट ७ ते १५ जणांचा असतो. काम ठोस, आवाक्यातले आणि परिणाम लगेच दिसणारे हवे : तंबूचा दोर सैल राहिला, तर रात्री भिजणाराही गटच. शेवटच्या टप्प्यात ‘सोलो’ येतो. ताडपत्री, पाणी व थोडका शिधा घेऊन मूल ठरलेल्या जागी एकटे राहते. प्रशिक्षक ठराविक वेळी लांबून पाहून जातो. दिवसअखेर गटाने बसून काय घडले ते बोलायचे असते. दमलेल्या, भुकेल्या गटाला हे बोलणे उरकावेसे वाटते आणि अनुभव तेवढ्यापुरता राहतो. उडी वा चढाई सर्वांसमक्ष सक्तीने करायला लावली, तर भित्र्या मुलाचा विश्वास वाढण्याऐवजी खचतो.

परिणाम मोजताना घोळ होतो तो वेळेचा. पहिल्या दिवशी मुले धास्तावलेली, शेवटच्या दिवशी भारावलेली. या दोहोंतला फरक फुगलेला निघतो. म्हणून मार्श, रिचर्ड्स व बार्न्स यांनी ऑस्ट्रेलियातील २६ दिवसांच्या अभ्यासक्रमांत महिनाभर आधी, पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी आणि १८ महिन्यांनी अशी चारदा मोजणी केली (१९८६). वाढ मुख्यतः आत्मप्रतिमेच्या, म्हणजे स्वतःविषयीच्या धारणेच्या, अभ्यासक्रमाशी थेट संबंधित पैलूंत झाली आणि बरीचशी टिकली. शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी वाचन-गणितावर बेतलेल्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात मात्र शैक्षणिक आत्मविश्वास वाढला (१९८८). थोडक्यात, डोंगर चढल्याने गणिताची भीती आपोआप जात नाही. हॅटी व सहकाऱ्यांनी साहस-शिक्षणावरील ९६ अभ्यास एकत्र तपासले (१९९७) : समाप्तीच्या वेळी सरासरी परिणाम ०.३४ प्रमाण विचलन (गुणांच्या नेहमीच्या चढउताराचे माप), पुढे त्यात आणखी ०.१७ ची भर. कार्यक्रमागणिक तफावत मोठी होती. दीर्घ कार्यक्रम सरस ठरले. याउलट अँड्र्यू ब्रुक्स (२००३) यांचे म्हणणे, मुले बदलली असे दिसते ते परिस्थिती बदलल्यामुळे. ‘चारित्र्य’ घडल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. हा आक्षेप १८ महिने टिकलेल्या वाढीला पुरता लागू पडत नाही, तरी नियंत्रण गटाविना, म्हणजे अभ्यासक्रम न केलेल्या मुलांशी तुलना न करता, केलेल्या अभ्यासांना तो चपखल बसतो.

हान यांच्याच विचारांतून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघाले. त्याच परंपरेतील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात आहे. ती दोन वर्षांची निवासी शाळा असून आउटवर्ड बाउंडचे केंद्र नव्हे.