सोलापूरचं ऊन आणि रात्रीचं दारं

मे महिन्यात सोलापुरात पारा 43-44 ला टेकला की चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढं ऊन फुकट चाललंय, ह्याची वीज केली तर अख्खा जिल्हा चालंल." बोलणाऱ्याचं फारसं चुकत नाही. फक्त ते ऊन मे महिन्याचं आहे, एवढीच अडचण.

सौर पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. भर उन्हात पॅनेल तापून 65-70 अंशांवर जातं, आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटत जाते. म्हणजे मेच्या दुपारी पॅनेल आपल्या ताकदीचा जवळजवळ सातवा हिस्सा गमावून बसतं. फेब्रुवारीतलं स्वच्छ, कोवळं ऊन त्याला जास्त मानवतं. तरी वर्षाची सरासरी धरली तर 1 किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट हाती लागतात. 3 किलोवॅटच्या छतावर 12 युनिट झाले, साध्या घराला पुरून उरतील इतके. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं. तेव्हा वीज किती होईल, याची चिंता सोलापूरनं करायचं कारण नाही.

चिंता आहे ती वेळेची. दुपारी एकला पॅनेल जोरात असतं, संध्याकाळी सातला शून्यावर येतं. आणि नेमके सातलाच दिवे, टीव्ही, कूलर, मिक्सर सगळे एकदम जागे होतात. वीज तारेत साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरायची, त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. हा ताळमेळ जमलाय की नाही, ते एका आकड्यावरून कळतं. तो आकडा म्हणजे वारंवारिता, सेकंदाला 50 आवर्तनं. मागणी वाढली आणि पुरवठा मागे पडला की जनित्रं जड होतात, आकडा 50 च्या खाली घसरतो. उलट झालं की वर चढतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा जसा पावलागणिक तोल सावरत चालतो, तसा हा तोल चोवीस तास सावरावा लागतो. जुलै 2012 मध्ये तो गेला, तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात बुडाला. 60 कोटींहून जास्त माणसांना त्याची झळ बसली.

या गोष्टीत सोलापूरचं नाव फार मोठं आहे, आणि सोलापूरकरांनाच ते माहीत नसतं. दक्षिण भारताचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, पूर्वी वेगळ्या तालावर चालायचं. उरलेल्या देशाशी त्याची देवाणघेवाण व्हायची, पण ताल जुळलेला नव्हता. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं ग्रिड एकाच वारंवारितेवर आलं. ती गाठ आपल्या गावाशी बांधली गेली. चादरीच्या गावाला गाठी मारायचं काम मिळावं, हे शोभलंही. ग्रिड एक झाल्याचा फायदा असा की तमिळनाडूतला पावसाळी वारा इकडे, इकडची वीज तिकडे, असं वेळ पाहून फिरवता येतं.

मग संध्याकाळची वीज येते कुठून? बरीचशी कोळशातून. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशाची भट्टी गॅसच्या शेगडीसारखी दुपारी बंद, सातला चालू, अशी चालत नाही. म्हणून 2023 च्या केंद्रीय नियमांनी अशा संचांना भार 55 टक्क्यांपर्यंत, पुढे टप्प्याटप्प्यानं 40 टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे असं सांगितलं. दुपारी सौरविजेला वाट द्यायची आणि सांजेला पुन्हा जोर धरायचा. भट्टीला हे मानवत नाही. सारखं तापण्या-निवण्यानं नळ्या थकतात.

दुसरा हिशेब पाण्याचा. कूलिंग टॉवरवाल्या औष्णिक केंद्राला एका युनिटमागे साधारण 3 लिटर पाणी लागतं. 1320 मेगावॅट पूर्ण भारानं दिवसभर चालले तर तीन कोटींवर युनिट होतात, म्हणजे नऊ कोटी लिटरहून जास्त पाणी. ते येतं उजनी धरणातून. त्याच उजनीवर शहराचे नळ, ऊस आणि डाळिंबं अवलंबून. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे विजेचं नियोजन म्हणजे पाण्याचंही नियोजन. हे दोन विषय वेगवेगळ्या कचेऱ्यांत का बसतात, मला कधी उमगलेलं नाही.

शेतीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. कृषिपंपांना वर्षानुवर्षं आठवडा पाळीनं लाईट मिळत आली, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्याला बॅटरीच्या उजेडात साप, विंचू, चिखल सगळं तुडवावं लागतं. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच दुखण्यावर आहे. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फिडर, म्हणजे पंपांना वीज नेणारी वाहिनी, दिवसा त्यावर चालवायचा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. वीज जिथे वापरायची तिथेच तयार झाल्यानं तारांत वाया जाणारी वीजही वाचते. मोठ्या बॅटरीची गरजच नाही, कारण पिकाला पाणी सकाळी अकराला मिळालं काय आणि रात्री अकराला काय, पीक तक्रार करत नाही. साठवायचीच झाली तर दिवसा शेततळं भरून ठेवावं, ठिबक मग सवडीनं चालवावं. सोलापुरातली सगळ्यात स्वस्त बॅटरी मातीत खणलेली आहे.

पण इथेच एक खोट आहे. दिवसा लाईट, तीही 7.5 अश्वशक्तीपर्यंत 2024 पासून मोफत, मग मोटर बंद कशाला करायची? रात्रीची लाईट त्रासाची होती, पण त्या त्रासानं विहिरीला विसावा मिळायचा. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात सौरऊर्जा भूजलाचा तळ गाठायला मदत करणार असेल, तर तिला शाश्वत म्हणणं मला जड जातं. योजनेत फिडरबरोबर ठिबकची अट असती तर मी जास्त खूश झालो असतो.

यंत्रमागाचं गणित त्या मानानं सोपं आहे. 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार 10 किलोवॅटवरच्या उद्योगांना दिवसातल्या सौर तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग असायला हवी. शहराच्या पूर्व भागातला यंत्रमाग कारखानदार दराचा फरक बघून पाळी बदलेल, त्याला व्याख्यान द्यायला नको.

साखर कारखान्यांचं कॅलेंडरही इथे कामी येतं. गाळप हिवाळ्यात, तेव्हा बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते आणि बॉयलर रात्रीही पेटलेला असतो. पावसाळ्यात ढग आले की वारा जोर धरतो. ऊन, वारा, चिपाड यांच्या सुट्ट्या एकाच वेळी येत नाहीत.

जागा निवडताना मात्र जपायला हवं. सातबाऱ्यावर पडीक दिसणारं नान्नजकडचं माळरान काळविटांचं आणि लांडग्यांचं घर आहे. माळढोकासाठी तर ते अभयारण्यच झालं. त्या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून तो उडताना तारांवर आदळतो.

एक राहिलंच, डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. दिवसाची लाईट आली तरी गावोगाव मोटारींना ऑटो स्विच बसवलेले आहेत. लाईट आली की पन्नास मोटारी एका क्षणी सुरू होतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तेल गळका डीपी जागेवर बसतो. मग वर्गणी, ट्रॅक्टर, आठ दिवसांची वाट. ऑटो काढला आणि मोटरला डीपीवरचा ताण हलका करणारा कपॅसिटर जोडला तर हे बरंचसं टळतं. आमच्याकडे डीपी जळाला की दर वेळी पारावर कपॅसिटरचा विषय निघतो. नवा डीपी येऊन बसला की मागे पडतो.