लाल गंज उकळला की काळा होतो

दसऱ्यानंतर आमच्या महाविद्यालयाची एनसीसीची खोली उघडली, तर रायफलींच्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीवर, बोटं उमटलेली. एका अंगाला चार लांबट तांबडे डाग, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा एक. १५ ऑगस्टच्या परेडला पोरांनी घामेजल्या हातांनी धरलेल्या थ्री-नॉट-थ्री न पुसताच रॅकला लागल्या होत्या. यवतमाळकडचा पावसाळा, वर टिनाचं छत. हवेतली आर्द्रता साधारण ६०-७० टक्क्यांवर गेली की लोखंड झपाट्यानं गंजतं, आणि घामातलं मीठ त्याआधीच ओल धरून बसतं.

या रायफली कवायतीच्या, गोळी सुटू नये म्हणून निकामी केलेल्या. पण नमुना १९०७ साली ब्रिटिश सैन्यात आलेला आणि घडण इशापूरच्या कारखान्यातली. मला त्यांचं फार अप्रूप आहे.

"पालिश पेपरनं घासून पांढऱ्या करून टाकू काय जी?" शिपाईकाकांनी विचारलं. मी त्यांना थांबवलं. पोलादावरचा तो जुना काळा थर म्हणजे रंग नव्हे. तोही लोखंड आणि ऑक्सिजनचाच, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ, फक्त शहाणा.

लाल गंज पाणी धरून ठेवतो आणि फुगतो. मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा त्याला लागते, म्हणून पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. काळा गंज म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाच्या ३ अणूंमागे ऑक्सिजनचे ४. तो पातळ, पण घट्ट बसतो आणि आपल्या बारीक छिद्रांत तेल मुरवून घेतो. लाल गंज उकळत्या पाण्यात ठेवला की काळा होतो. जुने कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवायचे, उकळायचे, सुटी काजळी मऊ ब्रशनं झाडायचे आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे.

हवालदार साहेबांच्या देखरेखीत आम्ही मॅगझिन काढून आधी साबणानं तेलकटपणा घालवला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्यात ती उकळली. बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडले असते. वीसेक मिनिटांत तांबडी बोटं मखमली काळी झाली! पोरं पातेल्याभोवती वाकून बघत होती. बाकीच्या भागांवर तेल आणि सर्वांत बारीक स्टील वूल, हलक्या हातानं. बस.

तेल लावण्याआधी मीठ धुणं मात्र चुकवू नये. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार गोळीबारानंतर नळीत उरायचा. म्हणून सैनिक आधी नळीत उकळतं पाणी ओतत, मग फुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंधी लावून तेल फिरवत.

उरलं लाकूड. त्याला जवसाचं तेल, जे आपल्या विदर्भाला नवं नाही. जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध भरपूर. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात आणि तेल वाळून कडक होतं. पोलादाला खाणारा ऑक्सिजन लाकडावर असा कवच विणतो! पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसायचं, काही दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा.

वाळताना या तेलाला ऊब सुटते. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेटू शकतात. आमची सगळी फडकी काकांनी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि बादली अंगणात नेऊन ठेवली. "खोलीत चटणीचा वास येते जी," ते म्हणाले.