इंडियन ओपन : ट्रॉफीवर कॅडींची नावं कशी आली

इंडियन ओपन ही भारताची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा. सुरुवात १९६४ ची, दिल्ली गोल्फ क्लबवर. तिच्या विजेत्यांची यादी सावकाश वाचावी अशी आहे. या देशात गोल्फ कोणी खेळायचं आणि कोणी नुसती बॅग उचलायची, हे चित्र कसकसं बदलत गेलं ते त्या नावांतून उलगडत जातं.

पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. तोवर त्याने ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली होती, पाचवी पुढच्या वर्षी जिंकली. एवढ्या तोलाच्या खेळाडूने भारतात येऊन नुसतं खेळून जाण्यावर समाधान मानलं नाही. इथे स्पर्धा उभी राहावी म्हणून त्याने मनापासून खटपट केली. १९६६ आणि १९७६ मध्ये तो पुन्हा जिंकला आणि सत्तरच्या दशकात दिल्ली गोल्फ क्लबच्या कोर्सची नव्याने आखणीही त्यानेच केली. भारतीय गोल्फवर त्याचे खरोखर उपकार आहेत.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर एक भारतीय जिंकला : प्रेम गोपाल सेठी, सगळ्यांचा बिल्लू. तो हौशी खेळाडू होता. हौशी म्हणजे बक्षिसाच्या रकमेवर हक्क नाही. त्या काळात क्लबच्या सदस्यांपैकी कोणी उत्तम खेळायचं ते असंच, छंद म्हणून. पोटासाठी कोर्सवर येणारे वेगळे होते : खेळाडूची बॅग उचलणारे कॅडी आणि गवत राखणारे माळी. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस कोर्स सदस्यांसाठी बंद असे, तेवढाच कॅडींना खेळायला मिळे. बाकी वेळ दुसऱ्याचा फटका बघायचा, अंतर सांगायचं, झुडपात गेलेला चेंडू शोधायचा.

सेठीनंतर तब्बल २६ वर्षं एकही भारतीय ही स्पर्धा जिंकू शकला नाही. १९७० पासून स्पर्धा आशियाई सर्किटमध्ये, म्हणजे आशियातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत आली आणि ऑस्ट्रेलिया, तैवान, जपान, अमेरिकेचे खेळाडू ट्रॉफी घेऊन जाऊ लागले. १९८१ चा विजेता पेन स्टुअर्ट. हाच पुढे दोनदा यूएस ओपन जिंकला.

मग १९९१ उजाडलं. दिल्ली गोल्फ क्लबवरच कॅडी म्हणून राबलेल्या अली शेरने इंडियन ओपन जिंकली. ही ट्रॉफी उचलणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. या कोर्सची गंमत समजून घेतली की त्या विजयाचं मोल कळतं. मैदानात मोगल काळातल्या जुन्या कबरी उभ्या आहेत, फेअरवे, म्हणजे चेंडू मारायचे गवताचे पट्टे, अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झाडी. चेंडू जरा वाकडा गेला की तो सापडला तरी मारता येत नाही. लांब फटक्यांची घमेंड इथे चालत नाही. नामवंत खेळाडूही ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, बॅगेतच ठेवून आखूड पल्ल्याच्या लोखंडी काठीने बेताने खेळतात. कुठे थांबायचं, कुठल्या ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतालच्या हिरवळीचा, उतार कुठे ओढतो, हे ज्याने वर्षानुवर्षं पायी तुडवून शिकलेलं आहे त्याला तिथे कोण हरवणार? १९९३ मध्ये अली शेर पुन्हा जिंकला. माझ्या मते भारतीय व्यावसायिक गोल्फची खरी सुरुवात इथून मोजावी.

त्यानंतर दारं उघडली. १९९८ मध्ये कोलकात्याचा फिरोज अली, १९९९ मध्ये अर्जुन अटवाल, २००० मध्ये ज्योती रंधावा. रंधावाने पुढे २००६ आणि २००७ मध्येही जिंकून थॉमसनच्या तीन विजेतेपदांची बरोबरी केली. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार जिंकला. २००९ मध्ये बंगळुरूचा सी. मुनियप्पा, तोही एकेकाळचा कॅडी, गुरुग्राममधल्या डीएलएफ कोर्सवर प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, विजेता ठरला.

यात सर्वांत हृद्य कहाणी एसएसपी चौरसियाची. वडील रॉयल कलकत्ताच्या कोर्सवर हिरवळ राखायचे आणि मुलगा तिथेच बघून बघून खेळ शिकला. १९९९ मध्ये तो दुसरा आला. २०१३ मध्ये बांगलादेशच्या सिद्दीकुर रहमानने बाजी मारली, तेव्हाही चौरसिया एका फटक्याने मागे राहिला. २०१५ मध्ये स्पर्धा युरोपियन टूर या युरोपातल्या व्यावसायिक मालिकेच्याही कॅलेंडरवर आली. त्या वर्षी शेवटच्या दिवशी सुरुवातीला सात फटक्यांनी मागे असलेल्या अनिर्बान लाहिरीने त्याला गाठून प्लेऑफमध्ये हरवलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. चौरसियाने २०१६ मध्ये ट्रॉफी जिंकलीच, आणि २०१७ मध्ये स्पर्धा डीएलएफच्या गॅरी प्लेअर कोर्सवर गेल्यावर तिथेही सात फटक्यांच्या फरकाने जिंकली. तो कोर्स लांब आणि खडतर, चौरसियाचा फटका त्यामानाने आखूड. चिपिंग (ग्रीनजवळून छोटा उचलता फटका) आणि पटिंग (ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवणं) यांच्या जोरावर त्याने तो काबूत आणला.

तेव्हापासून २०२५ पर्यंत मात्र भारतीय विजेता नाही. मॅट वॉलेस, स्टीफन गॅलाकर, मग कोविडमुळे तीन वर्षांचा खंड, मग मार्सेल सीम, केइता नाकाजिमा आणि युजेनिओ चकारा. बक्षिसाची एकूण रक्कम २०२४ मध्ये साडेबावीस लाख डॉलरपर्यंत गेली, त्यामुळे येणारे खेळाडूही तगडे. त्याच वर्षी गुरुग्रामचाच वीर अहलावत संयुक्त दुसरा आला. ज्या कोर्सवर बाकीचे धडपडत होते, तो त्याच्या रोजच्या सरावाचा होता.