लॅपटॉप सारखा वायफायचा पासवर्ड मागतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

आमच्या दुकानात ही तक्रार नेहमीची आहे, काल पासवर्ड टाकला होता, आज परत मागतोय. आणि बरेच जण लॅपटॉप टेबलावर ठेवतानाच म्हणतात, फॉरमॅटच मारून टाका. तर आधी हेच सांगतो की एवढ्यासाठी फॉरमॅट मारायची वेळ सहसा येत नाही, उगाच फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट धोक्यात घालू नका.

पहिल्यांदा लॅपटॉप खरंच विसरतोय का ते बघायचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय आणि त्यात मॅनेज नोन नेटवर्क्स उघडा. यादीत तुमच्या वायफायचं नाव असेल तर लॅपटॉप काही विसरलेला नाही, त्याला फक्त जोडायला जमत नाहीये आणि म्हणून तो परत पासवर्ड विचारतोय.

असं का होतं? आपल्याकडे मोठं कारण म्हणजे लाईट. लाईट गेली की राउटर बंद, आली की त्याला नीट सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात लॅपटॉप जोडायला गेला की अडकतो, मग आपण घाईघाईत पासवर्ड टाकत बसतो. जरा थांबा, राउटरचे दिवे स्थिर झाले की परत बघा. आतल्या खोलीत रेंज कमी असली तरी हाच प्रकार होतो, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतं, तिथे २.४ वालं घ्या. आणि इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन गेला असेल तर त्याने पासवर्ड बदललाय का ते घरच्यांना विचारा, मोबाईल जोडला जातोय का तेही बघा.

हे सगळं ठीक असेल तर त्याच यादीत नावासमोर फरगेट करा, लॅपटॉप रिस्टार्ट करा, नव्याने पासवर्ड टाका आणि कनेक्ट ऑटोमॅटिकली वर टिक करायला विसरू नका, ही टिक करायची राहिल्यामुळे कितीतरी जण आमच्याकडे आलेत. पासवर्ड टाकताना शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवा म्हणजे काय टाइप होतंय ते दिसेल. मराठीत टाइप करणाऱ्यांचा कीबोर्ड बऱ्याचदा मराठीवरच राहिलेला असतो, विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून तो इंग्रजीवर आणा. शून्य आणि ओ मधली गडबड तर विचारूच नका. पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा असतो, त्यामुळे त्याहून कमी दिसली तर काहीतरी सुटलंय.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच त्रास होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्समधल्या वायफाय कार्डच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर बॅटरी वाचवायला कार्ड बंद करायची टिक काढा. ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकायचा असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, फुकट ड्रायव्हर देणाऱ्या भलत्या साइटवरून अजिबात नको.

आता यादीत नावच नसेल तर मात्र कोणीतरी ते पुसतंय. कॉम्प्युटर फास्ट करणारं एखादं क्लीनर सॉफ्टवेअर टाकलंय का बघा, त्यातली काही सॉफ्टवेअर्स जुनी वायफाय प्रोफाइल्स, म्हणजे सेव्ह केलेली नावं आणि पासवर्ड, पण साफ करतात, त्या ऑप्शनची टिक काढा नाहीतर सरळ अनइन्स्टॉल करा.

सेकंडहँड लॅपटॉप असेल तर अजून एक गोष्ट. एका शाळेतल्या बाई रोज सकाळी पासवर्ड टाकून थकल्या होत्या, त्यात केलेली गुणपत्रकं पण गायब व्हायची आणि आपल्याकडूनच सेव्ह करायची राहिली असं त्यांना वाटायचं. आम्ही डेस्कटॉपवर चाचणी नावाची फाइल केली, रिस्टार्ट केला, फाइल नाही. लॅपटॉप कुठल्यातरी लॅबमधून आलेला, त्यात डीप फ्रीझ होतं, म्हणजे प्रत्येक रिस्टार्टला सगळं होतं तसं. तुम्हीही ही फाइलची चाचणी करा, फाइल उडाली तर त्या लॅपटॉपवर महत्त्वाचं काहीच ठेवू नका, पेनड्राइव्हवर घ्या आणि ज्याच्याकडून घेतलाय त्याच्याकडे त्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड मागा.

सगळ्यात शेवटी नेटवर्क रिसेट, याने फाइल्सना काही होत नाही पण सेव्ह केलेली सगळी वायफाय नेटवर्क्स जातात आणि ऑफिसचं व्हीपीएन परत सेट करावं लागू शकतं, तेव्हा पासवर्ड आधी वहीत लिहून ठेवा. तरी नाही जमलं तर लॅपटॉप घेऊन या, सोबत चार्जर आणि राउटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणा.