लॅपटॉपच्या पोटातलं थेंबभर पाणी

एका मित्राने वर्षभरात तीनदा लॅपटॉप फॉरमॅट केला. दर वेळी तक्रार तीच: "फार स्लो झालाय, नक्की व्हायरस असणार." फॉरमॅट केलं की दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या खेपेला फायली पेनड्राइव्हवर हलवताना फोटोंचं एक फोल्डर राहून गेलं आणि ते कायमचंच गेलं. मग तो लॅपटॉप माझ्याकडे आला. मी एकच प्रश्न विचारला, सुरू केल्या केल्या कसा चालतो? "तेव्हा झकास. पंधरा-वीस मिनिटांनी बोंब."

निम्मं निदान तिथेच झालं. फॉरमॅट करून जाणारा आजार सहसा घड्याळ लावून येत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात ती तापायला.

लॅपटॉप तापला की तो हळू होतो, आणि हे तो मुद्दाम करतो. यामागचं गणित सोपं आहे. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, जेवढी वीज खातो, ती सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आतले अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म बटणं, चालू-बंद होत असतात, दर वेळी इवलासा विद्युतभार भरतो आणि रिता होतो, त्यात ऊर्जा जाते. ती किती जाणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: सेकंदाला किती वेळा चालू-बंद, म्हणजे आपण गिगाहर्ट्झमध्ये मोजतो तो वेग, आणि किती व्होल्टेजवर. वेग दुप्पट तर खर्च दुप्पट, पण व्होल्टेज दुप्पट तर खर्च चौपट. त्यात गोम अशी की वेग वाढवायचा असेल तर व्होल्टेजही वाढवावं लागतं.

आता हेच उलट्या बाजूने बघा. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१२. वेग गेला पाचवा हिस्सा, उष्णता मात्र जवळपास निम्मी झाली. संकटात सापडलेल्या प्रोसेसरसाठी याहून स्वस्त सौदा नाही. म्हणून चिपमध्येच बसवलेले तापमानाचे सेन्सर मर्यादा जवळ आल्याचं सांगतात (बऱ्याच लॅपटॉप-प्रोसेसरमध्ये ती १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते) तेव्हा तो आपणहून वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही आणि तापमान चढतच राहिलं, तर यंत्रणा सरळ वीज तोडते. खेळ खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना एकही सूचना न देता पडदा काळा होतो, तो पुष्कळदा यामुळे. घाबरायचं कारण नाही, फ्यूज उडण्याच्या जातीचाच हा प्रकार.

पण मुळात इतकी उष्णता येते कुठून? प्रोसेसर खातो तीसेक वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका छोट्या पिवळ्या बल्बाइतकं. आकडा किरकोळ वाटतो, पण जागा बघा. दीड हजार वॉटची, १८ सेंटीमीटर व्यासाची विजेची शेगडी घेतली तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ६ वॉट पडतात. प्रोसेसरची चिप दीड चौरस सेंटीमीटरची धरली आणि तिच्यातून ३० वॉट निघाले, तर दर चौरस सेंटीमीटरला २० वॉट. शेगडीच्या तिप्पट! आणि ही शेगडी बोटभर जाडीच्या डब्यात बंद करून आपण मांडीवर घेऊन बसतो.

ही उष्णता चिपवरून उचलून कडेच्या पंख्यापर्यंत न्यायची कशी, हा लॅपटॉप बनवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला सबंध लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त आवडतं. मागचं झाकण उघडलं की तांब्याची एक चपटी, वाकवलेली पट्टी दिसते. एक टोक प्रोसेसरवर, दुसरं पंख्याशेजारच्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर. बघणाऱ्याला वाटतं, तांबं उष्णतेचं चांगलं वाहक आहे, म्हणून पट्टी बसवली. पण ती पट्टी नसते, पोकळ नळी असते. दोन्ही टोकं बंद, आतली हवा काढून टाकलेली आणि आत थोडंसं, अगदी थोडंसं पाणी. हिचं नाव हीट पाइप.

हवा काढली की पाण्याला उकळण्यासाठी १०० अंशांची वाट बघावी लागत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी साधारण ७० अंशांनाच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. नळीत तर हवाच नाही, दाब काय तो पाण्याच्या स्वतःच्या वाफेचा. ३० अंशांना तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे चोविसावा भाग असतो. अशा नळीतलं पाणी कोणत्याही तापमानाला वाफ होण्याच्या उंबरठ्यावरच उभं असतं. प्रोसेसरकडचं टोक जरा तापलं की तिथल्या पाण्याची वाफ होते, वाफ झपाट्याने गार टोकाकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होते आणि येताना घेतलेली उष्णता तिथे टाकून देते. पंखा ती बाहेर फुंकतो.

यातली ताकद आहे ती सुप्त उष्णतेची. शाळेत हा धडा सगळ्यांना कंटाळवाणा वाटलेला असतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल पुरतात, पण त्याच एक ग्रॅमची वाफ करायला, नळीतल्या तापमानाला, जवळपास २४०० ज्यूल लागतात. म्हणजे २४ वॉट उष्णता वाहून न्यायची तर सेकंदाला एक शतांश ग्रॅम पाण्याची वाफ झाली की काम झालं. एक ग्रॅम पाणी शंभर सेकंद पुरतं, आणि तेच पाणी परत येत असल्यामुळे ते वर्षानुवर्षं पुरतं. मोटर नाही, झडप नाही, पंप नाही.

पंप नाही, मग गार टोकाकडचं पाणी परत येतं कसं? लॅपटॉप आपण कसाही धरतो, त्यामुळे उताराचा भरवसा नाही. इथे नळीची आतली भिंत कामाला येते. तिच्यावर तांब्याच्या भुकटीचा, कणांना कण चिकटवून केलेला, सच्छिद्र थर असतो. टिपकागद शाई ओढतो किंवा वात तेल चढवते, तसा हा थर पाणी शोषून परत तापलेल्या टोकाकडे नेतो. छिद्राची त्रिज्या ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आणि पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७ न्यूटन, तर दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या या हिशेबाने ओढ येते २८०० पास्कल. तेवढ्यात पाणी उभं २८ सेंटीमीटर चढेल. छिद्रं आणखी बारीक केली तर ओढ वाढेल, पण बारीक वाटेतून पाणी वाहायला अडचणही वाढेल, आणि अडचण त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, ओढ नुसत्या त्रिज्येच्या. म्हणजे निम्म्या त्रिज्येला ओढ दुप्पट, अडथळा चौपट. या दोन्हींच्या मधे कुठेतरी सोयीचा आकार सापडतो. उष्णता फारच वाढली तर पाणी परत येण्याआधीच तापलेलं टोक कोरडं पडतं आणि नळीचं कामच थांबतं. म्हणूनच एका नळीने किती वॉट न्यायचे याला मर्यादा असते, आणि दमदार लॅपटॉपमध्ये दोन-तीन नळ्या शेजारी शेजारी दिसतात. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर वात तेल चढवते एवढं लक्षात ठेवा, पुढचं अडणार नाही.)

ही कल्पना लॅपटॉपपेक्षा बरीच जुनी. जनरल मोटर्समधले रिचर्ड गॉग्लर यांना १९४४ साली अशाच नळीचं पेटंट मिळालं होतं, पण तेव्हा तिची कुणाला गरज पडली नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, अवकाशातल्या वीजनिर्मितीसाठी. गुरुत्वाकर्षणाची मदत नसताना द्रव परत आणायचा तर वातीसारखा उपाय हवाच होता. तिथे साधलं ते मांडीवरही साधतं.

तर मित्राचा लॅपटॉप. नळी बिघडलेली नव्हती, ती क्वचितच बिघडते. तिने आणून टाकलेली उष्णता बाहेर पडत नव्हती. पंखा आणि जाळी यांच्या मधोमध धुळीचा पांघरुणासारखा थर बसला होता, नखाने ओढल्यावर अख्खा सुटून आला. जाळीच्या दोन पत्र्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर असते. एकदा चार तंतू अडकले की बाकीची धूळ त्यांच्यावर बसत जाते. बाहेरून झरोक्यात डोकावलं तर काही दिसत नाही, कारण थर आतल्या बाजूला असतो. शिवाय प्रोसेसर आणि तांबं यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली होती. दोन्ही पृष्ठभाग डोळ्याला कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या राहतातच, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. त्या पोकळ्या भरायला पेस्ट असते. ती पातळ लावायची. लोण्यासारखी थापली तर तीच आड येते.

घरी करायचं असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि दाबून भरलेल्या हवेच्या डब्याने थोडी थोडी हवा मारा, पण पंख्याची पाती काडीने अडवून धरा. नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते. आणि तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना ज्याला सुचते त्याने बाटलीबाहेर जमणारे थेंब आठवावेत. तसलेच मदरबोर्डवर जमतील. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा दाबलाच जात नसेल तर सफाई राहू द्या, आत बॅटरी फुगलेली असू शकते. तसा लॅपटॉप चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीला न्यायचा.

उघडण्याआधी खात्री करून घ्यायची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, जा. तिथे वापर शंभर टक्के आणि वेग मात्र खालीच लिहिलेल्या मूळ वेगापेक्षा बराच कमी दिसत असेल, तर प्रोसेसर राबतोय पण त्याचे पाय कुणीतरी बांधले आहेत. याउलट सीपीयू निवांत आणि डिस्क शंभर टक्के असेल, तर दुखणं वेगळं: जुनी फिरती हार्डडिस्क किंवा कमी पडणारी रॅम. फिरत्या डिस्कला एक नोंद शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कला, त्याचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. अशा लॅपटॉपला एसएसडी बसवली की तो नवा वाटतो, पंखा साफ करून काही होत नाही.

टास्क मॅनेजरच्या त्याच सीपीयूच्या पानावर 'अप टाइम', म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते, लिहिलेला असतो. "मी रोज शटडाउन करतो" म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा, पुष्कळांना तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की शटडाउन म्हटल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र तो खरोखर नव्याने सुरू होतो. आवाज गेला, वायफाय रुसलं, प्रिंटर सापडत नाही, अशा वेळी रीस्टार्टने जमतं आणि शटडाउनने जमत नाही, त्याचं कारण हे.

आणि ते डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश! त्याने आयकॉन पुन्हा काढले जातात, बस. लॅपटॉप ताजातवाना वगैरे काही होत नाही. शिकलेली माणसं हे जपमाळ ओढल्यासारखं करताना दिसतात, त्यात इंजिनिअरही आले. एका क्लिकमध्ये वेग तिप्पट करून देणारी 'क्लीनर' आणि 'बूस्टर' सॉफ्टवेअर त्याहून वाईट, कारण ती स्वतःच दिवसभर मागे चालत राहतात. "हे मशीन आपल्याला लाभलंच नाही" म्हणून विकून टाकलेला एक लॅपटॉपही मी पाहिला आहे. नव्या मालकाने पंखा पुसला.

एक तोतया मात्र मलाही चकवून गेला होता. दुसऱ्या एका लॅपटॉपचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला होता. मी उघडला, पुसला, पेस्ट बदलली. तापमान ४५ अंश, आणि वेग तिथेच. दोष चार्जरचा निघाला. काही लॅपटॉप चार्जरला 'तू कोण, किती वॉटचा?' असं विचारतात आणि चार्जर आतल्या एका बारीक पिनेवरून उत्तर देतो. ती पिन वाकली किंवा वायर आत तुटली की उत्तर येत नाही, मग लॅपटॉप धोका नको म्हणून प्रोसेसरला सर्वात खालच्या वेगावर बसवतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि वेग ताबडतोब वर गेला. दहा सेकंदांची ही तपासणी मी दीड तास स्क्रू काढल्यानंतर केली. आता आधी चार्जर उपटतो, मग स्क्रू ड्रायव्हर शोधतो.