अल्टरनेटिव्ह स्प्रिंग ब्रेक म्हणजे अमेरिकेतलं एनएसएस शिबिर नव्हे

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींना विद्यापीठात 'अल्टरनेटिव्ह स्प्रिंग ब्रेक'ची, म्हणजे वसंतातल्या सुट्टीत मौजेऐवजी स्वयंसेवेसाठी काढलेल्या सहलीची, जाहिरात दिसली की आधी आठवतं ते एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर. साम्य आहेच: सुट्टीचा आठवडा, घराबाहेर मुक्काम, सकाळी अंगमेहनत, रात्री गोल करून चर्चा. पण 'हे तर आपण केलंय' असं समजून नाव दिलं की तयारी अपुरी पडते, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कागदपत्रांतही अडकायला होतं.

एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालं. ती सरकारी योजना आहे आणि तिला गाव ठरलेलं असतं. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम करायचं आणि त्याखेरीज एक विशेष शिबिर. शिबिराचे तास त्या २४० मध्ये धरत नाहीत; प्रमाणपत्राच्या वेळी घोळ होतो तो इथेच. शिबिराची सूत्रं कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे कॉलेजातल्याच प्राध्यापकांकडे असतात. मुक्काम सहसा दत्तक गावातल्या शाळेत किंवा समाजमंदिरात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावासमोर कार्यक्रम.

दत्तक गाव ही या पद्धतीची खरी ताकद आहे. पुढच्या वर्षी नवी तुकडी त्याच गावात येते, त्यामुळे चुका दिसतात आणि दुरुस्त करता येतात. वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरून, तोंडं शिवून नाल्यात आडवी रचायची. पोतं गच्च भरलं तर ते गोल राहतं, नीट बसत नाही आणि फटींतून पाणी जातं. म्हणून थोडं रिकामं ठेवायचं. खालच्या थरातला सांधा वरच्या पोत्याखाली झाकला गेला पाहिजे. पाया रुंद, माथा अरुंद, उंची मीटरभर, आणि दोन्ही टोकं काठाच्या मातीत घुसवलेली. टोकं नुसती टेकवली तर पाणी कडेने वाट काढतं आणि काठच कापत नेतं. सगळ्यात मोठी चूक मात्र वेळेची. पावसाळा संपून नाला अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हा बंधारा घालायला हवा. शिबिरं मात्र बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर नाला आटला असेल तर बंधारा अडवणार काय? अशा गावात शिबिराच्या आठवड्यात दुसरं काम घ्यावं आणि बंधारा नियमित तासांत आधीच उरकावा.

अल्टरनेटिव्ह ब्रेकमागे सरकारी योजना नाही आणि दत्तक गावही नाही. सुट्टी साधारण मार्चमधली, एका आठवड्याची. 'ब्रेक अवे' ही संस्था १९९१ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात उभी राहिली आणि तिने या सहलींना शिस्त लावली: आधी विषयाचा अभ्यास, कामाचं प्रशिक्षण, रोज रात्री दिवसाचा विचार, आणि दारू-अमली पदार्थांना पूर्ण मज्जाव. गट लहान, बहुधा एका-दोन व्हॅनमध्ये मावेल एवढा. विषय एकच: बेघरपणा, जंगलातल्या पायवाटा, आपत्तीनंतरची घरं. नेतृत्व सहसा विद्यार्थ्यांकडेच असतं, त्यामुळे 'सर सांगतील' ही सवय सोडावी लागते. स्वयंपाकाची पाळी, पैशांचा हिशेब, स्थानिक संस्थेशी बोलणं, सगळं गटानेच करायचं. एनएसएस शिबिराला अनुदान असतं. इथे प्रवास, राहणं, जेवण धरून शुल्क भरावं लागतं. ते परवडत नसेल तर विद्यापीठाची मदत आहे का, हे संकोच न करता विचारा.

जागेशी जुनं नातं नसल्यामुळे इथे आधीच्या बैठकांवर फार भार असतो, आणि तो असायलाच हवा. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये देशभरातून विद्यार्थी न्यू ऑर्लिन्सला गेले, त्यांचं मुख्य काम बुडालेली घरं आतून मोकळी करण्याचं होतं. भिजलेलं सामान रस्त्याच्या कडेला न्यायचं, भिंतींचे जिप्समचे पत्रे आणि आतलं थर्मल अस्तर काढून नुसता लाकडी सांगाडा ठेवायचा. बुरशीचे कण उडतात, म्हणून एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, जाड तळाचे बूट. लाकूड पुरतं वाळायच्या आत नवे पत्रे ठोकले तर बुरशी आत पुन्हा वाढते आणि सगळी मेहनत वाया जाते. आठवडा संपला तरी लाकूड वाळलेलं नसतं. पुढचं काम नंतर येणाऱ्यांचं. जाताना काय झालं, काय राहिलं, याची लेखी नोंद स्थानिक संस्थेकडे दिली नाही तर पुढचा गट पुन्हा पहिल्यापासून चाचपडतो. म्हणून सहल निवडताना एक गोष्ट जरूर विचारा: तुमचं विद्यापीठ त्याच संस्थेकडे दर वर्षी जातं का? होकार आला तर दत्तक गावाचा गुण थोडाफार इथेही मिळतो.

आता एफ-१वाल्यांसाठी. बिननफ्याच्या संस्थेत, जिथे एरवीही स्वयंसेवकच राबतात असं काम, कसलाही मोबदला न घेता करायला वर्क परमिट लागत नाही. पण जिथे पगारी माणूस ठेवला जातो ते काम फुकट केलं तर ते स्वयंसेवा ठरत नाही. खासगी हॉटेल किंवा शेतमालाच्या कंपनीत 'स्वयंसेवक' म्हणून राबवत असतील तर नाव काढून घ्या. देशातल्या देशात जातानाही पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) छापील प्रत जवळ ठेवा. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या टेक्सास-ॲरिझोनात महामार्गावर तपासणी नाकी असतात. प्वेर्तो रिको अमेरिकेतच मोडतं, तिथे जाणं म्हणजे देश सोडणं नव्हे. परदेशातली सहल असेल तर आय-२० वरची प्रवासाची सही वर्षाच्या आतली आहे का, व्हिसाचा शिक्का चालू आहे का आणि त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे तिन्ही पैसे भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात तपासून घ्या. आणि अर्जाची वाट मार्चपर्यंत पाहू नका: बऱ्याच ठिकाणी जागा आदल्या हिवाळ्याच्या आत भरतात, काही सहली फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. एमएसवाल्यांनी आधी हेच विचारावं.