बालचित्रवाणी: घरी राहिलेल्या मुलांची शाळा

चाळिशी ओलांडलेल्या दोन-चार मराठी माणसांत दूरदर्शनवरच्या 'बालचित्रवाणी' या शालेय कार्यक्रमाचं नुसतं नाव काढून बघा. एकाला सुरुवातीची धून आठवते, दुसरीला बाहुल्या आठवतात, तिसरा 'आमच्याकडे तेव्हा शटरचा टीव्ही होता' म्हणत भलतीकडेच निघून जातो. नेमका एखादा भाग सांगा म्हटलं की मात्र सगळ्यांची गाडी अडते. काय शिकलो ते आठवत नाही, पण काहीतरी छान होतं यावर एकमत असतं.

माझंही तसंच. मला आठवतो तो ताप. शाळा बुडाली की सकाळचं घर वेगळंच वाटायचं. भावंडं शाळेत, वडील कामावर, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि गोधडीत पडल्या पडल्या टीव्ही लावायची परवानगी. ती मिळायची एकाच सबबीवर: 'अगं, शिक्षणाचं आहे!' पडद्यावर मुंग्या आल्या तर उठून अँटेना हलवायची, तेवढा अशक्तपणा चालायचा. एक ताई कागदाच्या घड्या घालत काहीतरी समजावायची, ग्लासात पाणी ओतून त्यावर पुठ्ठा धरून ग्लास उलटा करायची, आणि पाणी सांडायचं नाही. ताप उतरल्यावर तो प्रयोग मी घरी करून पाहिला. पाणी सांडलं.

पुढे या कार्यक्रमामागचा इतिहास वाचला तेव्हा गंमत वाटली. बालचित्रवाणी माझ्यासाठी नव्हतीच. ती होती वर्गात बसलेल्या मुलांसाठी, त्यातही जिथे प्रयोगाचं साहित्य नाही आणि एकच गुरुजी दोन-तीन इयत्ता सांभाळतात अशा गावांतल्या शाळांसाठी. आज तिच्या आठवणी काढणाऱ्यांत मात्र आजारी पडून घरी राहिलेले, सुट्टीतले आणि दुपारची शाळा असलेलेच जास्त भेटतात. आमच्या शाळेलाही एक टीव्ही मिळाला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद असायचा, 'पोरं बिघडवतील' म्हणून.

टीव्ही आणि शाळा ही जोडी आपल्याकडे करमणुकीच्या आधीची आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं तेच मुळी युनेस्कोच्या मदतीने, आणि उद्देश होता लोकशिक्षणाचा. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतल्या शाळांसाठी पाठ दाखवायला सुरुवात झाली. चित्रहार, मालिका, क्रिकेट हे सगळं नंतरचं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि मराठी घरांत दूरदर्शन आलं ते तेव्हापासून. आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' याच केंद्रावरचा. शाळेबाहेरच्या माणसांसाठी असलेल्या त्या कार्यक्रमाने प्रेक्षकांना इतकं बांधून घेतलं की गावोगाव ज्ञानदीप मंडळं निघाली. टीव्हीवरचा कार्यक्रम बघून लोक सतरंजी अंथरून एकत्र बसतात आणि कामाला लागतात, हे आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

पण बालचित्रवाणीची खरी मुळं दिल्लीत नाहीत आणि मुंबईतही नाहीत. ती अहमदाबादेत आहेत, आणि थोडी आकाशात.

भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचं म्हणणं असं होतं की शहरांतून टीव्ही हळूहळू खेड्याकडे सरकेल याची वाट बघत बसायचं कारण नाही. उपग्रह वापरला तर उलटं करता येईल. सगळ्यात दूरच्या गावाला सगळ्यात आधी. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने नासाशी करार केला आणि अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळायचं ठरलं. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष 'साइट' (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्पेरिमेंट) नावाचा तो प्रयोग चालला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, प्रत्येक गावात एक सामुदायिक संच, आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची डिश. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास, तोही चार भाषांत वाटलेला, म्हणजे एका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. सोलापूरच्या पलीकडे विजापूर-गुलबर्ग्यातल्या गावांत डिश लागल्या, अलीकडे काही नाही. मराठी माणसं मात्र या प्रयोगात जिकडेतिकडे होती. एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे ही इस्रोमधली दोन नावं 'साइट'च्या उभारणीशी कायमची जोडलेली आहेत. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा प्रा. यशपाल होते. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम करायला इस्रोने मुंबईत वेगळा स्टुडिओ उभारला होता. आणि दिल्लीत एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्रात होत्या विजया मुळे.

विजयाबाईंपाशी थोडं थांबायला हवं, कारण त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही आणि त्यांचं काम प्रत्येकाला तोंडपाठ असतं. 'एक चिडिया, अनेक चिडियां' हे गाणं ज्या छोट्या ॲनिमेशनपटात आहे, तो 'एक, अनेक और एकता' १९७४ चा, फिल्म्स डिव्हिजनचा. संकल्पना विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगमचा. सात-आठ मिनिटांत व्याकरणातलं एकवचन-अनेकवचनही आलं आणि जाळं घेऊन उडालेल्या पक्ष्यांची गोष्टही आली. कुठेही 'मुलांनो, यावरून काय शिकलो?' असं विचारलेलं नाही. पुढच्या कित्येक शैक्षणिक कार्यक्रमांना ही एवढी साधी गोष्ट जमली नाही, बालचित्रवाणीलाही नेहमी जमली असं नाही. तिथल्या काही ताई-दादांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हो की नाही?' म्हणायची सवयच होती.

वर्ष संपलं आणि अमेरिकेने आपला उपग्रह परत नेला. २,४०० गावांतले बहुतेक पडदे काळे झाले. आता स्वतःचा उपग्रह हवा, हे त्यातून पक्कं झालं. एप्रिल १९८२ मध्ये इन्सॅट-१ए वर गेला आणि सप्टेंबरात बंद पडला. त्याच्या जागी इन्सॅट-१बी गेला तो ३० ऑगस्ट १९८३ रोजी, चॅलेंजर यानातून. अंतराळ शटलचं ते रात्रीच्या अंधारात झालेलं पहिलंच उड्डाण. हा उपग्रह टिकला. देशात सहक्षेपण केंद्रं, म्हणजे आलेलं प्रसारण आसपासच्या भागात पुढे पोचवणारी केंद्रं, भराभर उभी राहिली, तालुक्याच्या गावांतल्या छपरांवर अँटेना दिसू लागल्या, आणि मग प्रश्न आला की या सगळ्यातून मुलांना दाखवायचं काय?

त्याचं उत्तर म्हणून सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था काढायचं ठरलं: आंध्र प्रदेश, ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र. भाषा पाच: तेलुगू, ओडिया, हिंदी, गुजराती, मराठी. 'साइट'मध्ये नसलेल्या मराठीला इथे जागा मिळाली. महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात निघाली, सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. संस्थेने कार्यक्रम बनवायचे, प्रसारण दूरदर्शनने करायचं, अशी वाटणी. कार्यक्रम प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी होते आणि त्यातही दोन गट पाडलेले होते, ५ ते ८ वर्षांचे आणि ९ ते ११ वर्षांचे. म्हणूनच कधी आपल्याला फार सोपं वाटायचं आणि कधी काहीच कळायचं नाही. ते बहुधा आपल्या गटाचं नसायचं.

नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. रेडिओला आकाशवाणी म्हणायची सवय होतीच. टीव्हीला 'चित्रवाणी' हा शब्द मराठीत आला होता, पण 'दूरदर्शन'पुढे त्याचं काही चाललं नाही. शेजारी १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती, जिची पुस्तकं प्रत्येक दप्तरात होती. या सगळ्याची सांगड घालून 'बालचित्रवाणी' झालं. सरकारी कागदावरचं संस्थेचं लांबलचक नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि 'चित्रवाणी' हा हरलेला शब्द मुलांच्या तोंडी मात्र टिकून राहिला.

कार्यक्रम कसे असायचे? पैसा बेताचा आहे हे लहान मुलालाही कळायचं. मागे रंगवलेला पडदा, पुढे एक टेबल, टेबलावर बाहुली, आणि बाहुलीशी खरोखर मनापासून बोलणारं माणूस. पण मराठी मुलांना पडद्यावर मराठी मुलं दिसत होती, आपल्यासारखेच कपडे घातलेली आणि आपल्यासारखीच अडखळणारी. त्या काळात टीव्हीवर मुलं दिसायची ती बिस्किटाच्या जाहिरातीत, केस चापूनचोपून बसवलेली. तेव्हा हेही थोडं नव्हतं.

आता शाळांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर देण्यात आले. टीव्ही आला, पण वीज? वीज असली तर भारनियमन. दुरुस्तीला पैसे कोणी द्यायचे? आणि सगळ्यात मोठी अडचण वेळापत्रकाची. उपग्रहावर पाच भाषांना आळीपाळीने वेळ वाटून दिलेली असायची, ती काही एखाद्या शाळेच्या तासाप्रमाणे चालणार नाही. गुरुजी भागाकार शिकवत असताना पडद्यावर फुलपाखराचं जीवनचक्र सुरू असेल, तर भागाकार थांबवायचा का? कार्यक्रम पुन्हा लावायची सोय नाही, थांबवायची नाही. उत्साही शिक्षकांनी यातूनही वाट काढली. बाकीच्यांनी टीव्ही कपाटात ठेवला, आणि त्यांना फार दोष देण्यात अर्थ नाही.

घरी ही अडचण नव्हती. घरी भागाकार चालूच नव्हता.

त्याच काळात या घराण्यातली आणखीही भावंडं जन्मली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दुपारी लागायचा. तो महाविद्यालयीन मुलांसाठी होता आणि भर दुपारी जेवण झाल्यावर घरोघरी आज्या-आजोबा तो बघत डुलकी काढायचे, इतकं मी खात्रीने सांगू शकतो. १९९१ मध्ये 'टर्निंग पॉइंट' आला. त्यात प्रेक्षकांच्या पत्रांतले प्रश्न घेऊन यशपाल बोलायचे, तेच 'साइट'वाले. माठातलं पाणी थंड का, असल्या प्रश्नाला तेवढ्याच आदराने उत्तर देणारा तो पिकल्या केसांचा माणूस बघून कितीतरी मुलांनी पोस्टकार्डं लिहिली असतील. हिंदी फारसं न कळणाऱ्या आमच्या घरातही ते चालायचं.

१९९२ नंतर केबल आली आणि पुढचं सगळं झपाट्याने झालं. १९९५ मध्ये डिस्कव्हरी आणि कार्टून नेटवर्क दोन्ही भारतात दाखल झाले. आता घरी राहिलेल्या तापकऱ्या पोराला निवड होती, आणि रंगवलेल्या पडद्यापुढची ताई त्यात टिकणं कठीणच होतं. सरकारी बाजूने प्रयत्न थांबले नव्हते. २००० मध्ये ज्ञानदर्शन वाहिनी आली, २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. उपग्रहाची कमतरता राहिली नाही, पण लोक तिकडे बघायचे थांबले होते. पुण्याच्या संस्थेला केंद्राकडून मिळणारा निधी आटत गेला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने बालचित्रवाणी बंद केली. बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर दोन दिवस हळहळ झाली. त्यातल्या बऱ्याच जणांना संस्था अजून चालू होती हे बंद झाल्यावरच कळलं होतं. मीही त्यातलाच एक.

मग २०२० उजाडलं. शाळांना कुलपं लागली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता किंवा एकच फोन तिघा भावंडांत होता, त्यांचं काय करायचं, असा प्रश्न पडल्यावर सगळ्यांना टीव्ही आठवला. जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झाली, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. पुन्हा एक ताई, पुन्हा घरातल्याच वस्तू घेऊन केलेले प्रयोग, पुन्हा ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर हजर राहायचं. शेजारची तिसरीतली मुलगी रोज वेळेआधी पाच मिनिटं वही-पेन्सिल घेऊन बसायची. या खेपेला कार्यक्रम बनवणाऱ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं की मुलं घरी आहेत.